बंद घराचं भाडं कोण भरतं?

नाशिकमध्ये घरांच्या किमतींचा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मुंबईकरांनी वाट लावली. तिकडं ठाण्यातला वन बीएचके विकायचा, त्या पैशात गंगापूर रोडला थ्री बीएचके घ्यायचा आणि उरलेल्यात पाथर्डी फाट्याला आणखी एक बुक करायचा, असं चाललं तर इथल्या पोराने घर घ्यायचं कसं? दुसरा तट बिल्डरांचा आणि बाजाराच्या गणितावर श्रद्धा असणाऱ्यांचा. त्यांच्या मते घरं कमी आहेत म्हणून भाव जास्त आहेत. एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ती मर्यादा वाढवा, राहत्या घरांसाठीचा पिवळा पट्टा वाढवा, परवानग्या वेळेत द्या, भाव आपोआप जागेवर येतील. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर रिंग रोड, पूल आणि रुंदीकरणाच्या बातम्या रोज येताहेत, त्यामुळे दोन्ही तटांचा आवाज चढला आहे. आवाज चढला, मुद्दा मात्र जिथे होता तिथेच आहे.

कारण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताहेत: बांधलेल्या घरात माणूस राहतो. नाशिकमधल्या नव्या उंच इमारतींबद्दल हे गृहीत धरता येत नाही. माझं म्हणणं असं की या शहरात घरांची टंचाई आहे त्यापेक्षा मोठा प्रश्न हा आहे की घर किंवा प्लॉट नुसता धरून बसणाऱ्याला त्याची जवळजवळ काहीच किंमत मोजावी लागत नाही. राहणाऱ्याला कर, भाड्याने देणाऱ्याला जास्त कर आणि कटकट, कुलूप लावणाऱ्याला मात्र मोकळीक. ही रचना उलटी करून बंद घरावर आणि पडून राहिलेल्या प्लॉटवर कर लावल्याशिवाय मुंबईकरांना शिव्या घालून काही होणार नाही, आणि आणखी वीस मजले चढवूनही नाही.

रचना खरंच अशी आहे का? केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत शहरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरं रिकामी असल्याचं नोंदलं होतं. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती. त्याच पाहणीत असंही होतं की १९६१ मध्ये निम्म्याहून अधिक शहरी कुटुंबं भाड्याने राहत होती, २०११ पर्यंत ते प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या थोडं वर एवढंच उरलं. आता करांकडे बघा. पूर्वी दुसरं घर बंद ठेवलं तरी त्याचं काल्पनिक भाडं उत्पन्नात धरून आयकर लागायचा. २०१९ च्या अर्थसंकल्पाने दोन घरांपर्यंत ही सूट देऊन टाकली, आणि बिल्डरकडे न विकता पडून राहिलेल्या फ्लॅटची सवलतही एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घरपट्टीत ४० टक्के सवलत आहे आणि भाडेकरू ठेवला की ती जाते. राज्यातल्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याच्या करविषयक नियमांत तर इमारत महिनाभराहून अधिक रिकामी राहिली तर कराचा भाग परत मागण्याची तरतूद आहे. सोसायटीतही तेच. फ्लॅट भाड्याने दिला तर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरा, कुलूप लावून ठेवला तर काही नाही. यातला एकेक नियम कधीतरी कुणाच्या तरी सोयीसाठी, बहुतेक चांगल्या हेतूने झाला असेल. सगळे एका ओळीत मांडले तर मात्र संदेश स्पष्ट आहे: घर घे, वापरू नकोस, कुणाला वापरू देऊ नकोस, बसून राहा.

मुंबईच्या पैशाचा मुद्दा खोटा नाही, हे आधी मान्य करतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि इथल्या जाहिरातींत अंतर किलोमीटरऐवजी तासांत सांगायची पद्धत पक्की झाली. मुंबईच्या पगारावर घेतलेलं घर आणि इथल्या सातपूरच्या कारखान्यातल्या पगारावर घेतलेलं घर एकाच बाजारात उभं राहिलं तर कोण हरणार हे सांगायला नको. पण बाहेरच्यांना बोल लावणाऱ्या नाशिककरांनी आपलं शहर कुणी भरलं हेही आठवावं. नाशिकरोडचा छापखाना विसाव्या शतकाच्या विशीत आला, ओझरचा विमान कारखाना साठच्या दशकात, मग सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. प्रत्येक वेळी बाहेरून माणसं आली: कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून. त्यांच्यामुळे शहर महाग झालं असं कुणी म्हणालं नाही, कारण ती इथे राहायला आली होती. त्यांनी शाळा भरल्या, भाजी घेतली, गणपती बसवले. म्हणजे आक्षेप पत्त्यावर नसावा. घर घेणारा ठाण्याचा असो की कॉलेज रोडचा, तो त्यात राहतो का, एवढंच विचारायचं. कॉलेज रोडवर राहून चार फ्लॅट कुलूपबंद ठेवणारा नाशिककर याच शहरात आहे, आणि तो स्वतःला भूमिपुत्र म्हणवतो.

आता ‘बांधा, आणखी बांधा’ हा तट. याची बाजू जास्त भक्कम आहे, म्हणून तिच्याशी जास्त वेळ झगडायला हवं. नियमांनी घरं अडतात हे नाशिकला कुणी शिकवायची गरज नाही. दहा वर्षांपूर्वीचं कपाट प्रकरण आठवत असेल. फ्लॅटमधल्या कपाटाची जागा एफएसआयमध्ये मोजायची की नाही, यावरून शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले, लोक हप्ते भरत होते आणि ताबा मिळत नव्हता. अशा शहरात ‘परवानग्या लवकर द्या’ म्हणणाऱ्याला दलाल म्हणून उडवून लावणं हा अप्रामाणिकपणा होईल. आणि पुरवठा वाढला की घर स्वस्त होतं याचा सगळ्यात मोठा पुरावाही महाराष्ट्रातच आहे, मुंबईच्या उत्तरेला, समुद्राकाठी.

वसई-विरार. १९८८ मध्ये तिथली शेतजमीन बांधकामाला खुली झाली, १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, आणि बघता बघता केळीच्या आणि पानवेलींच्या बागांत चार-चार मजल्यांच्या इमारती उगवल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन झालं, पण बांधकाम थांबलं नाही. २०११ मध्ये या पट्ट्याची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. गिरणी सुटलेला कामगार, शाळामास्तर, दुकानातला सेल्समन, यांना मुंबईच्या परिसरात स्वतःचं छप्पर मिळालं ते इथे. हे श्रेय त्या बेशिस्त बांधकामाला द्यावंच लागेल. हरित वसईच्या बाजूने मन असलेल्या माझ्यासारख्यालाही.

पण वसई-विरारचं घर स्वस्त का होतं? अर्धं उत्तर पुरवठा. उरलेलं अर्धं असं की किमतीतल्या बऱ्याच गोष्टी त्या किमतीत धरल्याच नव्हत्या. पाणी नव्हतं, टँकर होता. सांडपाण्याची व्यवस्था नव्हती. भरतीचं आणि पावसाचं पाणी ज्या सखल जमिनीत, मिठागरात पसरायचं तिथे भराव पडले, आणि जुलै २०१८ च्या पावसात वसईत दिवसेंदिवस पाणी तुंबलं, मिठागरात माणसं अडकली. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली, नांदली, आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यात न्यायालयाच्या आदेशाने त्या सगळ्या पाडल्या गेल्या. त्या कुटुंबांना घर स्वस्त पडलं की महाग? नाशिकमध्येही निळ्या पूररेषेत बांधकामाला मोकळीक मागणारे आहेत. २००८ च्या सप्टेंबरचा पूर आणि गोदेचं पाणी किती चढलं ते ज्याच्यावरून मोजतात तो गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती त्यांना दाखवावा.

तरीही माझा मुख्य मुद्दा हा नाही. वसई-विरारमधून नाशिकने शिकावं ते वेगळंच. तिथे घर घेणारा तिथे राहत होता. सकाळी विरारच्या फलाटावर उभं राहिलेल्या कुणालाही पुरावा लागणार नाही. जिथे घेणारा राहणारा असतो तिथे प्रत्येक नवं घर एका कुटुंबाची गरज भागवतं, आणि गरज भागली की भावावरचा दाब उतरतो. जिथे घेणारा साठवणारा असतो तिथे नवं घर नवी साठवण होते, आणि भाव वाढतोय हे दिसलं की साठवणारे आणखी येतात. बिल्डरांचं गणित पहिल्या बाजारासाठी बरोबर आहे. ते दुसऱ्या बाजारावर जसंच्या तसं चिकटवलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे.

दोन्ही प्रकार एकाच नाशिकमध्ये शेजारी शेजारी बघायला मिळतात. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत नवीन नाशिक वसवलं. लहान घरं, लहान प्लॉट, कामगाराला झेपतील असे हप्ते. आज त्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत, त्यातले बरेच नियमाबाहेरचे, गल्ल्यांत गाडी वळत नाही, पण बंद घर शोधून दाखवा. खालच्या मजल्यावर मालक, वर भाडेकरू, जिन्याखाली शिलाईचं मशीन. याच सिडकोने नवी मुंबईत काय केलं तेही बघा. जमीन शेतकऱ्यांकडून सरकारने घेतली, त्यासाठी १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, माणसं मेली, आणि ती सार्वजनिक जमीन पुढे निविदेत सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकली जाऊ लागली. २०२५ च्या सुरुवातीला सिडकोच्या २६ हजार घरांच्या किमती जाहीर झाल्या तेव्हा अर्जदारांनीच विचारलं, ही परवडणारी घरं आहेत का? जमीन सरकारची असणं पुरेसं नाही, घर कुणासाठी हे ठरवून बांधावं लागतं.

हा धडा शंभर वर्षं जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची ओरड झाली तेव्हा गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. बांधल्या गेल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या त्या बीडीडी चाळी. आणि शहरात एकेका खोलीत दहा-दहा माणसं कोंबलेली असताना या चाळींतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या, कारण भाडं कामगाराला झेपेना आणि काही चाळी गिरणीपासून लांब. सरकार पुढे आणखी खोल्या बांधण्याच्या भानगडीत पडलं नाही. घरांची टंचाई आणि रिकामी घरं एकाच वेळी, एकाच शहरात नांदू शकतात. १९२५ च्या मुंबईत नांदत होती, मग आजच्या नाशिकमध्ये अशक्य का वाटावं? अंबड गावात, चुंचाळ्यात कंत्राटी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात आणि तिथून काही किलोमीटरवर अख्खे मजले अंधारात असतात.

भाव वाढण्याचं आणखी एक इंजिन आहे, त्याबद्दल दोन्ही तट गप्प असतात. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. त्या मेट्रोचा एक खांबही शहरात उभा राहिला नाही, पण ‘प्रस्तावित मेट्रो स्टेशनजवळ’ असं छापलेली माहितीपत्रकं घरोघर फिरली. घोषणा झाली की प्लॉटधारक भाव चढवतो, रस्ता झाला की पुन्हा चढवतो. रस्ता सगळ्यांच्या पैशाचा, वाढलेली किंमत एकट्याची. तो काहीच करत नाही, फक्त थांबतो. थांबण्याला खर्च नसेल तर तो का विकेल, का बांधेल?

गरिबांसाठीचं घर बाजारातूनच काढायचा एक नियमही आपल्याकडे आहे. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प केला तर २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा, घरं म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे पोहोचलीच नाहीत, जमिनीचे तुकडे पाडून मर्यादेखाली आणले गेले, असे आरोप झाले आणि मार्च २०२२ मध्ये विधान परिषदेत हा विषय गाजला. नंतर आवाज विरला. पुरवठा वाढवा म्हणणाऱ्यांनी या २० टक्क्यांच्या पुरवठ्यासाठी कधी मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप मात्र बिल्डरांकडून येत नाही. तो येतो कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडून. ईपीएस-९५ या कामगारांच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. फंडाच्या पैशातून त्याने इंदिरानगरला दुसरा फ्लॅट घेतला, मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला विकू म्हणून. तो साठेबाज आहे का? आणि भाडेकरूची भीती त्याने स्वप्नात पाहिलेली नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या नाशिकच्या वाड्यांचं काय झालं ते त्याने बघितलंय: शंभर-दोनशे रुपये भाडं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत कुणाच्या तरी अंगावर.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण ती जुन्या कायद्याच्या आठवणीवर चालते. मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी, झटपट वाट आहे. ती प्रत्यक्षात झटपट चालत नसेल तर माणसं वाढवा, जिल्ह्यात बसवा, साठ दिवसांत निकाल बंधनकारक करा. निवृत्त माणसासाठी घराच्या किमतीवर वर्षाला मिळणारं दोन-तीन टक्के भाडं थोडं असेल, पण त्याच्या पेन्शनपेक्षा ते कितीतरी जास्त आहे. त्याला शिक्षा करायचीच नाही. त्याने घर भाड्याने दिलं तर त्याची घरपट्टी राहत्या घराइतकीच ठेवा आणि सोसायटीचं ते शुल्क रद्द करा. जाता जाता, घर रिकामं ठेवीन पण बॅचलरला नाही, अमक्या जातीला नाही, मांस खाणाऱ्याला नाही, मुसलमानाला तर नाहीच, असं म्हणणारा मालक कायद्याला घाबरलेला नसतो. त्याच्या आवडीनिवडीचा खर्च शहराने का उचलावा?

नाशिकमध्ये पडून राहिलेल्या जागेवर कर लावायचा प्रयोग एकदा झाला आणि फसला, असं सांगितलं जाईल. २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी नव्या बांधकामांचं आणि मोकळ्या जमिनींचं करयोग्य मूल्य वाढवलं, शहर पेटलं, अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली, नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. पण फसलं ते काय? ज्या जमिनीत द्राक्ष किंवा भाजी उभी आहे ती आणि ज्या लेआउटला कुंपण घालून वर्षानुवर्षं फक्त बोर्ड बदलतो ती, दोन्ही एकाच ‘मोकळी जागा’ या रकान्यात टाकल्या गेल्या. मखमलाबाद-आडगावचा शेतकरी रस्त्यावर आला ते योग्यच होतं. त्याच्या मोर्चात आपला मुद्दा बेमालूम मिसळून सुटले ते प्लॉटधारक. कसलेली जमीन पूर्ण वगळा, बिगरशेती झालेल्या आणि पाच वर्षं न बांधलेल्या प्लॉटला चढता कर लावा. राज्याला कायदा दुरुस्त करावा लागेल, ते अवघड आहे, अशक्य नाही.

कॅनडातल्या समुद्राकाठच्या व्हँकुव्हरने २०१७ पासून बंद घरांवर किमतीच्या एक टक्का कर लावला आणि पुढे तो तीन टक्के केला. बंद घरं कमी झाल्याचं तिथल्या महापालिकेचे अहवाल सांगतात, घरांचे भाव मात्र फारसे उतरले नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. या कराने नाशिकचा टू बीएचके निम्म्या किमतीत येणार नाही. भाड्याची घरं वाढतील, घर घेण्याची घाई थोडी ओसरेल, आणि बिल्डरला अंधाऱ्या थ्री बीएचकेऐवजी राहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा लागेल, एवढीच माझी अपेक्षा आहे. लोक दिवा लावून घर चालू असल्याचं दाखवतील, असं म्हणणारे म्हणतील. लावोत. महावितरणच्या ज्या मीटरवर सलग सहा महिने स्थिर आकारापलीकडे काही येत नाही, तिथून सुरुवात करता येते. परदेशी गेलेला, आजारी, वारसाच्या वादात अडकलेला, असे अपवाद ठेवावेत.

कर लावण्याच्याही आधी मोजणी हवी. जनगणनेच्या घरयादीत रिकाम्या घरांची नोंद होतेच. तिचे आणि शून्य वापराच्या मीटरचे आकडे, कुणाचंही नाव न देता, प्रभागवार जाहीर करायला कोणता कायदा आडवा येतो? गंगापूर रोडच्या प्रभागात बंद घरं पाच टक्के निघाली तर माझा मुद्दा पडला आणि बिल्डरांचा खरा ठरला, मी पुन्हा या विषयावर लिहिणार नाही. पंचवीस टक्के निघाली तर एफएसआय वाढवण्याची पुढची फाइल घेऊन येणाऱ्याला आधी त्या घरांचा हिशेब विचारावा लागेल.